ॲडव्हान्सचा रकाना, आणि लिव्हिंग वेज म्हणजे नेमकं काय भो

21 नोव्हेंबर 2025 ला चार लेबर कोड, म्हणजे कामगारांसाठीचे नवीन कायदे, लागू झाले तेव्हापासून माझ्या फोनला आराम नाही. मी जळगावात छोट्या कारखान्यांचं, दुकानांचं पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) असली कामं बघतो. शेठ लोक विचारतात, आता पगार किती वाढवावा लागेल, आणि त्यांच्याकडचे कामगार विचारतात, भाऊ, आता पगार किती वाढेल. प्रश्न एकच, फक्त विचारताना चेहरा वेगळा. त्यात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये किमान वेतन, फ्लोअर वेज आणि लिव्हिंग वेज हे तिन्ही शब्द खिचडीसारखे एकत्र शिजवलेले, मार्च 2024 मध्ये तर "किमान वेतन जाणार, लिव्हिंग वेज येणार" अशा बातम्या पण येऊन गेल्या होत्या, म्हणून लोकांना वाटतं सगळं एकच आहे. एकच नाहीये. म्हणून एकदाच बसून लिहितो.

तीन पायऱ्या

1948 साली, म्हणजे किमान वेतन कायदा आला त्याच वर्षी, सरकारने नेमलेल्या एका समितीने पगाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली किमान वेतन, ज्याच्या खाली कोणीच जायचं नाही, मालकाला परवडो की न परवडो. मधे रास्त वेतन, ते मालकाची ऐपत बघून वाढतं. आणि वर निर्वाह वेतन, यालाच आता लिव्हिंग वेज म्हणतात.

"निर्वाह" म्हटलं की आपल्याला कसंबसं भागवणं आठवतं, पण अर्थ बरोबर उलटा आहे. पोट भरलंच पाहिजे, पण पोराची शाळा, आजारपण, डोक्यावर धड छप्पर, म्हातारपणाची थोडी सोय, हे सगळं उसनवारी न करता व्हायला पाहिजे. आपल्या संविधानाचं कलम 43 काढून वाचा, त्यात कामगाराला निर्वाह वेतन मिळावं असं तर आहेच, वर फुरसत आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी यांचाही उल्लेख आहे. फुरसत! आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर आखाजीला (अक्षय तृतीयेला) बायकोला चार दिवस माहेरी पाठवता आलं पाहिजे, तिने झोका खेळला पाहिजे, आणि त्या चार दिवसांचा रोज बुडाला म्हणून घरात भांडण नको. अडचण एवढीच की हे कलम मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, म्हणजे सरकारने त्या दिशेने जावं असं सांगितलंय, पण ते मिळालं नाही म्हणून कोर्टात दाद मागता येत नाही.

आणि फ्लोअर वेज म्हणजे केंद्राने ठरवलेली तळाची रेघ, राज्यांनी आपलं किमान वेतन त्याच्या खाली ठरवायचं नाही. आधी अशी रेघ होती पण तिला कायद्याचा जोर नव्हता, 2017 साली ती दिवसाला 176 रुपये होती. हो, 176. नवीन वेतन संहितेने (त्या चार कोडपैकी एक) त्या रेघेला कायद्यात जागा दिली, आणि किमान वेतन ठराविक यादीतल्या उद्योगांपुरतं होतं ते सगळ्याच कामांना लागू केलं. पण लिव्हिंग वेज द्यायलाच पाहिजे असं या संहितेत कुठेही नाही. तेवढं मेसेजवाल्यांना सांगा.

सरकार हिशोब कसा मांडतं

किमान वेतनाचा आकडा हवेतून येत नाही, त्याला एक सूत्र आहे आणि ते 1957 च्या भारतीय श्रम परिषदेतलं आहे. कमावणारा एक माणूस, नवरा किंवा बायको आणि दोन पोरं. माणसाचं खाणं 1 धरायचं, बाईचं 0.8, पोरांचं प्रत्येकी 0.6, म्हणजे चार जण मिळून तीन माणसांचं खाणं. (बाईला कमी का, ती कापसाच्या शेतात दिवसभर वाकून वेचणी करते तिला भूक कमी लागते का, हे 1957 ला कोणी विचारलं नसावं.) दर माणशी 2700 कॅलरी. वर्षाला कुटुंबाला 72 यार्ड कापड. घरभाडं. आणि सरपण, दिवाबत्ती, किरकोळ यासाठी 20 टक्के. पुढे 1991 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोरांचं शिक्षण, दवाखाना, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी आणखी 25 टक्के धरा.

आता गंमत बघा. 2020 ला केंद्राने नवीन नियमांचा मसुदा काढला त्यात कापड 66 मीटर. मी कॅल्क्युलेटरवर टाकून बघितलं, 72 यार्ड म्हणजे पावणे सहासष्ट मीटर. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांत फक्त यार्डाचे मीटर झाले. मोबाइल रिचार्जची वेगळी ओळ नाही, कामावर जायच्या पेट्रोलची नाही. आणि घरभाडं धरलंय अन्न आणि कापडाच्या खर्चाच्या 10 टक्के. समजा एका घराचं अन्न-कापड महिन्याला 8,000 चं, तर भाडं 800 रुपये. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही 800 रुपयात संडास-बाथरूमसकट खोली दाखवा, मी स्वतः सामान घेऊन येतो.

2019 मध्ये केंद्राने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने सगळा हिशोब नव्याने मांडला, कॅलरी 2400 वर आणल्या पण प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ मोजले, कुटुंबाचं खाणं तीनऐवजी 3.6 माणसांचं धरलं, आणि तळाची रेघ जुलै 2018 च्या भावाने दिवसाला 375 असावी असं सांगितलं. ती शिफारस काही तशीच्या तशी लागू झाली नाही.

सांगायचा मुद्दा, किमान वेतन हा माणूस उद्या परत कामावर यावा एवढ्यापुरता हिशोब आहे, आणि तोही जुन्या यादीवरचा. लिव्हिंग वेज हा माणूस वीस वर्षांनी कुठे असेल याचा हिशोब आहे.

रकाना

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कुठल्याही पगारपत्रकात नाव, हजेरी, खाडे, पगार, पीएफ, ईएसआयसी, मग एक रकाना असतो "ॲडव्हान्स", आणि शेवटी हातात येणारी रक्कम. बाकीचे रकाने मी रूटीनमध्ये भरतो, ॲडव्हान्सचा मात्र बघत बसतो. एका चटई कंपनीचं पत्रक मी सात वर्षं करतोय, त्यात एक ऑपरेटर आहे ज्याचा हा रकाना सात वर्षांत एकदाही शून्य झालेला नाही. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, खाडे कमी.

एक दिवस त्याच्यासोबत बसून हिशोब केला. कटून हातात 12,500. किराणा 5,000, दूध अर्धा लिटर रोज म्हणजे 900, भाजीपाला 1,500, गॅस 900, खोली 3,000, लाइट 600, पोरांची फी आणि रिक्षा मिळून 1,500, दवाखाना सरासरी 700, दोन रिचार्ज 500, पेट्रोल 1,000. बेरीज 15,600. यात कपडे नाहीत, पाहुणा नाही, लग्नाचं आहेर-पाकीट नाही, शेवभाजी खायला हॉटेलात जाणं तर नाहीच नाही. खड्डा 3,100 चा, दर महिन्याला. तो माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "एवढामा भागत नही भाऊ, तुमना कागदवर बी नही भागनं."

मग तो दोन महिन्यांनी शेठकडून 6,000 उचलतो, ते पुढच्या तीन पगारातून दोन-दोन हजार कटतात, म्हणजे त्या महिन्यांत हातात 10,500, म्हणजे खड्डा आणखी मोठा, म्हणजे परत उचल. मोटेचं पाणी फुटक्या दंडातून नेल्यासारखं, वाफ्यापर्यंत कधी पोचतच नाही.

आणि शेठ काय म्हणतो, "अरे मी किती सांभाळून घेतो माझ्या माणसांना, मागितले की देतो." खोटं नाही बोलत तो. देतोच. पण नीट बघा काय होतंय ते: घर चालायला 15,600 लागतात, ते शेठच्या तिजोरीतून जातातच, फक्त त्यातले 12,500 पगार म्हणून जातात आणि उरलेले कर्ज म्हणून. पगार घेतलेला माणूस दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले तर निघून जाऊ शकतो. कर्ज घेतलेला जाऊ शकत नाही. म्हणून मी म्हणतो, लिव्हिंग वेजची व्याख्या मला विचाराल तर सोपी आहे, ज्या पगारावर ॲडव्हान्सचा रकाना आपोआप रिकामा राहतो तो पगार.

मग उरलेलं कोण भरतं

सगळीच उचल शेठकडून होत नाही. थोडं बायको भरते, डाळ मिलमध्ये नाहीतर मिरचीचे देठ खुडायला जाऊन. नंदुरबारला सीझनमध्ये मिरची वाळवायच्या पथारीवर जाऊन बघा, लाल मिरचीच्या ढिगाऱ्यात तोंडाला फडकं बांधून बसलेल्या बाया, रात्री हातांची आग होते म्हणून झोप नाही. थोडं बचत गटाचं आणि मायक्रो फायनान्सचं कर्ज भरतं. थोडं गावाकडचे म्हातारे आईबाप भरतात, दादर ज्वारी आणि तूर पाठवून. थोडं मोठी पोरगी भरते, दहावीनंतर शाळा सोडून. आणि बरंचसं आपण सगळे भरतो, कारण रेशनवर माणशी 5 किलो धान्य 2023 पासून फुकट आहे आणि ते सरकारी पैशातून येतं. रेशन बंद करा असं मी म्हणत नाहीये, कोणी तसा अर्थ काढू नका. पण दिवसभर मशीनवर उभा राहणाऱ्या माणसाला फुकटच्या गव्हावाचून भागत नसेल तर त्या फॅक्टरीच्या मालाची खरी किंमत बिलावर छापलेली नाही एवढं तर मान्य करा.

उचलीचं टोक कुठे जातं ते सातपुड्यातल्या लोकांना विचारा. धडगाव, अक्कलकुव्याकडची जोडपी दिवाळीच्या आसपास उचल घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला जातात, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात उचलीच्या बदल्यात माणसाला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. आणि 1982 साली, दिल्लीत एशियाडची स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीच सक्तीची मजुरी, कारण भूक पण सक्ती असते. दंडुका दिसला नाही म्हणून सक्ती नाही असं नसतं.

हे परदेशी खूळ नाही, फैजपूरचं आहे

काही जण म्हणतात लिव्हिंग वेज हे जिनिव्हाहून आलेलं फॅड. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2024 ला त्याची व्याख्या पक्की केली हे खरं. पण आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोस यांनी सजवलेलं बांबूचं नगर, हे सगळं आपण शाळेत वाचलंय, परीक्षेत एक मार्काला यायचं. तिथे जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला त्यात शेतमजुरांना कायद्याने लिव्हिंग वेज मिळावं ही मागणी होती. आजूबाजूला केळीचे मळे असलेल्या गावात, नव्वद वर्षांपूर्वी. तेवढं वाक्य पुस्तकात नव्हतं, किंवा असेल तर आमच्या सरांनी सोडून दिलं.

"बाजारभावाने माणूस मिळतो, मग जास्त का द्यायचं?"

याचं उत्तर केळीवाल्याला चांगलं कळेल. कांदा चाळीत ठेवता येतो, कापूस घरात भरून ठेवता येतो, पण केळीचा घड तयार झाला की थांबत नाही. व्यापाऱ्याला ते माहीत असतं. तो म्हणतो आज गाडी नाही, परवा बघू, आणि दोन दिवसांनी बोर्डाच्या, म्हणजे जाहीर झालेल्या, भावापेक्षा शे-दोनशे कमीने कापून नेतो, आपण शिव्या देतो पण देतो. का देतो? कारण आपला माल सडतोय, त्याचं काही सडत नाहीये.

मजुराचा दिवस तर केळीपेक्षा नाजूक माल आहे. आज विकला गेला नाही तर संध्याकाळी सहाला संपला, उद्या तो विकता येत नाही. त्यात विकत घेणारे मोजके, एमआयडीसीतले शेठ एकमेकांना ओळखतात, भाव साधारण ठरलेला. अशा बाजारात जो भाव निघतो तो कामाचा भाव नसतो, गरजेचा भाव असतो. बोर्डाचा भाव मिळालाच पाहिजे म्हणून कलेक्टर ऑफिसवर जाणाऱ्या माणसाने किमान वेतनाला विरोध केला की मला खरंच हसू येतं.

"धंदे बंद पडतील, लोकांच्या नोकऱ्या जातील"

ही भीती खोटी नाही पण जेवढी सांगतात तेवढी मोठी पण नाही. 1992 ला अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून 5 डॉलर 5 सेंटवर नेलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नेलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बर्गर-बिर्गरच्या दुकानांत किती माणसं कामाला आहेत ते मोजलं, आणि पगार वाढलेल्या बाजूला नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. त्यावर अर्थशास्त्रज्ञांची भांडणं अजून चालू आहेत, कार्ड यांना 2021 ला नोबेल मिळालं तरी. एका दिवसात पगार दुप्पट केला तरी काही होणार नाही असा त्याचा अर्थ नाही, तेवढं लक्षात ठेवा. बेताने, टप्प्याटप्प्याने वाढवला तर आभाळ कोसळत नाही, एवढाच.

दुसरं म्हणजे कमी पगाराचा पण एक खर्च असतो जो पत्रकात दिसत नाही. हेन्री फोर्डच्या कारखान्यात 1913 मध्ये माणसं इतकी सोडून जायची की वर्षाला भरती कामगारांच्या संख्येच्या साडेतीन पटीच्या वर करावी लागायची, म्हणून 1914 ला त्याने दिवसाची मजुरी 5 डॉलरवर नेली आणि आठ तासांची पाळी केली. दानधर्म नव्हता तो, हिशोब होता. आपल्याकडे होळीला युपी-बिहारचे कारागीर गावी गेले आणि निम्मे परत आले नाहीत की मशीन किती दिवस बंद राहतात, नवा माणूस शिकेपर्यंत किती माल रिजेक्ट होतो, ते एकदा शेठने लिहून काढावं.

"महागाई वाढेल"

वाढेल, पण कशात किती ते बघा. डाळ मिलचं घ्या. किलोमागे मजुरी समजा 3 रुपये आहे आणि पगार दीडपट केले, तर डाळ दीड रुपयाने महाग. डाळीच्या भावात खरा पैसा तुरीचा असतो. दीड रुपयाला कोणी वरण खायचं सोडत नाही, आपण फौजदारी डाळीचं गाव आहोत.

कापसाचं मात्र तसं नाही, आणि इथे मी पण अडखळतो.

"शेतकऱ्यालाच लिव्हिंग वेज नाही, तो मजुराला कुठून देणार?"

आमच्या घरी दर आखाजीला हा वाद होतो. आखाजी म्हणजे आपल्याकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर शेतात ठेवलेल्या गड्याचं) नवं वर्ष, जुना हिशोब मिटतो, नवीन बोलणी होते. वडील ओट्यावर, समोर सालदार, मधे गावातला एखादा मध्यस्थ, आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो, तो कोणालाच नको असतो. मागच्या वेळी 1,30,000 ला ठरलं. अर्धे त्याच दिवशी उचल. मी भागाकार केला, रोजाचे 356 रुपये. रोजगार हमीचा दर 2025-26 साठी 312 होता, म्हणजे वडील खूश, बघ सरकारपेक्षा जास्त देतो. मी म्हटलं आप्पा, रोजगार हमीवाला रात्री दोनला लाइट आली म्हणून मोटर चालू करायला उठतो का? त्यावर त्यांनी मला चहा आणायला पाठवलं.

पण आप्पांची बाजू पण ऐका. 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 होता. वेचणी समजा किलोला 12 रुपये, म्हणजे क्विंटलला 1,200. ती 18 केली तर 1,800. सहाशे रुपये क्विंटलमागे गेले, आणि डाळ मिलवाल्यासारखे ते पुढे ढकलता येत नाहीत, कारण कापसाचा भाव शेतकरी ठरवत नाही. बियाणं, खत, फवारणी, बोंडअळी आणि मग गाठींचा भाव पडला, की उरतं काय.

म्हणून शेतीत नुसतं "मालकाने द्यावं" म्हणून भागत नाही हे मी मान्य करतो. पण एक गोष्ट शेतकरी संघटनावाल्या मित्रांनी पण लक्षात घ्यावी. हमीभाव काढताना शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरच्या माणसांची मेहनत पण खर्चात धरतात, आणि ती धरतात मजुरीच्या दराने. म्हणजे गावात रोज स्वस्त राहिला की कागदावर तुमची स्वतःची आणि तुमच्या बायकोची मेहनत पण स्वस्त होते, उत्पादन खर्च कमी दिसतो, भाव कमी निघतो. मजुराचा रोज दाबून शेतकरी आपलाच भाव दाबतोय थोडाफार. दोघं एकाच बैलगाडीला जुंपलेले आहेत आणि एकमेकांना शिंगं मारतायत.

"जास्त दिले तर दारूत घालवतात"

काही जण घालवतात. शेठ लोकांपैकी पण काही घालवतात, त्यांचं मार्जिन कोणी त्यावरून कमी करत नाही. पुढे जाऊ.

मग उद्या सकाळी काय करायचं

माझ्याकडे येणाऱ्या शेठना मी तीनच गोष्टी सांगतो. आधी किमान वेतन पूर्ण द्या, मूळ दर अधिक विशेष भत्ता, तो भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी बदलतो आणि निम्म्या लोकांना जुलैचा नवीन आकडा दिवाळीला कळतो. सहीला एक आकडा आणि हातात दुसरा हे बंद करा, कागद सापडतोच कधीतरी. दुसरं, नवीन संहितेप्रमाणे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवून पीएफ वाचवता येणार नाही, त्या भानगडीत पडू नका. तिसरं, ॲडव्हान्सचा रकाना वर्षभराचा काढून समोर ठेवा. ज्यांचं नाव बारापैकी आठ-नऊ महिने त्यात आहे त्यांचा सरासरी खड्डा किती ते काढा. तेवढी वाढ तुमच्या कारखान्याला लिव्हिंग वेजपर्यंत नेईल, सरकारने आकडा जाहीर करायची वाट बघायला नको.

एकाने ऐकलं. मशीनवरच्या चौदा जणांना सरसकट 2,500 वाढवले, तीन टप्प्यांत, वर्षभरात. आधी अकरा नावं असायची रकान्यात, मागच्या महिन्यात चार होती, त्यात एकाच्या बहिणीचं लग्न होतं. शेठ म्हणाला फायदा झाला की तोटा ते अजून सांगता येत नाही, पण होळीला गेलेले सगळे परत आले.

आप्पांना यातलं काही पटलेलं नाही. ते म्हणतात, केळीला बोर्डाचा भाव मिळू दे, मग बघू. सालदाराला मात्र महिन्याला दोन सुट्या कबूल केल्यात, खाडा न धरता. रात्रीच्या मोटरचं काय करायचं ते पुढच्या आखाजीला.